प्रल्हादने अडवलेला रस्ता

विचिटा शहरात प्रल्हाद बोकारेला ओळखत नाही असा मराठी माणूस नव्हता. यात प्रल्हादचं कर्तृत्व थोडं. तिथे मराठी घरंच बोटांवर मोजण्याइतकी. गणपतीला चर्चच्या हॉलमध्ये सगळी जमली तरी निम्म्या खुर्च्या घडी घातलेल्याच राहत.

प्रल्हाद मूळचा नागपूरचा. विमानाचे भाग करणाऱ्या कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचा. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम चुकतंय का ते बघायचं. बघण्याचं काम त्याला लहानपणापासून जमायचं. रस्ता खणायला घेतला की आपल्याकडे खणणारा एक आणि कडेला उभे राहून खड्डा बघणारे वीस. प्रल्हाद त्या विसांतला. अमेरिकेत आल्यावर त्याची पंचाईत झाली. इथे खड्डा बघायला कुणी थांबत नाही. दोन वर्षं त्याने कशीबशी काढली. मग २००३च्या मे महिन्यात एका संध्याकाळी भोंगे वाजले, अख्खी इमारत तळघरात गेली, प्रल्हाद बाल्कनीत गेला, आणि लांब पश्चिमेला त्याला ढगातून लोंबणारी टॉर्नेडोची सोंड दिसली. बघण्यासारखी वस्तू सापडली. हिच्यात काम सगळं ढग करतो आणि बघणाऱ्याला लोक धाडसी म्हणतात.

तेव्हापासून वसंत ऋतू आला की प्रल्हाद वादळांच्या मागे. जुनी व्हॅन घेतली. तिच्यावर अँटेना लावली, आत रेडिओ बसवला, लॅपटॉप ठेवायला फळी ठोकून घेतली. फळी दुसऱ्याने ठोकली. वर पिवळा फिरता दिवा लावला. दिव्याची गरज काय, असं बायकोने विचारलं. तिचं नाव नीलांबरी. लग्नाआधी ती अमरावतीला शाळेत शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरीला मनाई होती, म्हणून ती घरी बसून प्रश्न विचारायची.

"सेफ्टीसाठी," प्रल्हाद म्हणाला.

"कुणाच्या?"

"लोकांच्या गं. दिवा दिसला की लोक बाजूला होतात."

"तुमच्या बाबांना आयुष्यभर कलेक्टरच्या दिव्याच्या गाडीमागे धावावं लागलं, त्याची ही भरपाई का?"

नीलांबरीचे प्रश्न असे असत की त्यांची उत्तरं प्रश्नातच असत.

दिव्याहून जास्त भरवसा प्रल्हादचा ओळखीवर होता. नियम हे ओळख नसलेल्या माणसांसाठी असतात, हे तो नागपुरात शिकून आला होता आणि हे शिक्षण त्याच्या डिग्रीपेक्षा पक्कं होतं. पहिल्यांदा पोलिसाने थांबवलं, तेव्हा तो व्हॅनमधून उतरून हात जोडत पोलिसाच्या गाडीकडे चालू लागला. साहेबाला आपल्यापर्यंत चालत यायला लावायचं, हे संस्कारात बसत नव्हतं. पोलिसाने कर्ण्यावरून "गाडीत बसा" म्हणून सांगितलं. प्रल्हादला वाटलं, तो त्याच्या गाडीत बसायला बोलावतोय. चांगलं लक्षण समजून तो आणखी चार पावलं पुढे गेला. पोलिसाचा हात कमरेला गेला तेव्हा कुठे त्याचे संस्कार जागच्या जागी थांबले. वेगाबद्दल पावती मिळाली. दुसऱ्यांदा एका चौकात थांबायची पाटी खाली होती आणि प्रल्हादचे डोळे वर ढगात. तिथेही पावती.

त्या राज्यात वर्षाच्या आत अशा तीन पावत्या झाल्या की लायसन निलंबित. दोन झाल्या होत्या. घरात गाडी एक आणि लायसनही एकच. विचिटात बस कशी असते हे लोकांना ऐकून माहीत. लायसन गेलं की ऑफिस गेलं, ऑफिस गेलं की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की नागपूर. नीलांबरीने हा हिशेब त्याला शाळेतल्यासारखा दोनदा म्हणून दाखवायला लावला.

"म्हणजे आता जाऊ नका," ती म्हणाली.

"जाईन, पण हळू."

"वादळ हळू जातं का?"

"माझ्याकडे कार्ड आहे ना."

कार्ड म्हणजे शेरीफचं. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, तो पोलीसप्रमुख. आदल्या वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या काउंटीत, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, वादळ कसं ओळखावं याचा वर्ग झाला होता. तिथे शेरीफने भाषण केलं आणि कॉफीच्या टेबलावर आपली कार्डं ठेवली, ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून. प्रल्हादने घेतलं आणि शेरीफशी हस्तांदोलनही केलं. कार्ड त्याने प्लास्टिकमध्ये मढवून व्हॅनमध्ये गणपतीशेजारी चिकटवलं. "शेरीफ आपल्या ओळखीचे आहेत," असं तो तेव्हापासून सांगत असे. शेरीफला हे कुणी कळवलं नव्हतं.

२००५चा मे उजाडला. एका शनिवारी सकाळपासून हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. दुपारी पश्चिमेला ढग फुलकोबीसारखे वर चढू लागले. प्रल्हाद निघाला. नीलांबरीने थालीपिठाचा डबा दिला आणि म्हणाली, "लायसन घरीच ठेवून जा. म्हणजे तेवढं तरी जाणार नाही."

निघताना त्याने एक फोन केला. सत्यजित रानडेला. सत्यजित पुण्याचा, त्याच्याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर, आणि प्रल्हादचा अर्ज कंपनीत पुढे सरकवणाराही तोच. त्याचे वडील अरुणकाका तीन महिन्यांसाठी आले होते. पाडव्याच्या जेवणात प्रल्हादने त्यांना सर्वांसमक्ष शब्द दिला होता, "काका, टॉर्नेडो दाखवल्याशिवाय तुम्हाला परत पाठवणार नाही." टॉर्नेडो जणू त्याच्या गोठ्यात बांधलेला. आता काका सोमवारी निघणार होते. प्रल्हादने सत्यजितला शेजारच्या काउंटीतल्या धान्याच्या उंच कोठाराची खूण सांगितली, तिथून डावीकडे या म्हणाला आणि आपण पुढे सुटला.

कोठारावरून डावीकडे वळला, तेव्हा व्हॅन सुसाट होती. दोन्हीकडे पिकत आलेला गहू, समोर हिरवट काळं आभाळ. आणि पुढच्या चौकात पोलिसाची गाडी आडवी.

या वेळी प्रल्हाद उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. एवढं शिक्षण दोन पावत्यांत झालं होतं.

आलेला डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, पन्नाशीचा. छातीवरच्या पट्टीवर लॉइड असं नाव. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला खरचटलेलं. तासाभरापूर्वी पहिलं वादळ इथून गेलं होतं. रस्त्यावर पडलेली फांद्यांची रास त्याने एकट्याने ओढून कडेला लावली होती. त्याचा श्वास अजून बसला नव्हता.

"सर, किती वेगात होता तुम्ही?"

अमेरिकेतला पोलीस 'सर' म्हणाला की समजावं, पावती फाटणार. प्रल्हादने लायसन दिलं आणि त्यावर प्लास्टिकमधलं कार्ड ठेवलं.

"हे काय?"

"शेरीफसाहेब माझ्या ओळखीचे आहेत."

लॉइडने कार्ड वाचलं. उलटं करून पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

"हे नोव्हेंबरात हरले. आता तळ्यावर गळ टाकून बसतात."

"हरले?"

"निवडणूक, सर. शेरीफ इथे निवडून येतो. यांनी मला नोकरीवरून काढलं होतं. नवा आला, त्याने परत घेतलं. तुमची यांच्याशी चांगली ओळख आहे का?"

"नाही, नाही," प्रल्हाद म्हणाला. "तोंडओळख."

सत्ता बदलली की जुन्या नगरसेवकाची चिठ्ठी चालत नाही, हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. प्रल्हादला इतकंच ठाऊक नव्हतं की इथे पोलिसांचीही निवडणूक होते. चार वर्षं त्या देशात राहून त्याने ढग तेवढे पाहिले होते.

लॉइड पावतीचं पुस्तक काढणार, तोच त्याच्या रेडिओवर कुणीतरी बोललं. पुढे तीन मैलांवर विजेचे खांब आडवे झाले होते, तारा रस्त्यावर पडल्या होत्या, आणि एका शेतघरात म्हातारा माणूस पडलेल्या छपराखाली अडकला होता. बाकीचे दोन डेप्युटी दुसऱ्या रस्त्यांवर. हा चौक सोडला तर वादळ बघायला निघालेली सगळी जत्रा तारांमध्ये शिरणार. लॉइडने चौकाकडे पाहिलं, मग व्हॅनच्या टपावरच्या पिवळ्या दिव्याकडे.

"हा दिवा चालतो?"

"एकदम."

"ठीक. व्हॅन रस्त्यात आडवी लावा. दिवा चालू. हे जॅकेट घाला. अँब्युलन्स आणि वीजवाले सोडून कुणाला आत सोडायचं नाही. माझी आई आली तरी नाही. मी येईन तेव्हा रस्ता बंद असला, तर तुमचा वेग किती होता ते मी विसरेन. नसला, तर आठवेल. लायसन तोवर माझ्या खिशात."

आणि तो गेला.

प्रल्हादने व्हॅन आडवी लावली. जॅकेट नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं, त्याला गुडघ्यापर्यंत येणारं. ते अंगात चढलं आणि प्रल्हादच्या अंगात आलं. आयुष्यात पहिल्यांदा तो खड्ड्याच्या आतल्या बाजूला उभा होता.

काम सोपं वाटलं होतं. उभं राहायचं, हात वर करायचा. पहिल्या दहा गाड्यांनंतर खांदा भरून आला. मागे ट्रेलर असलेला एकजण वळता वळता चरात अडकला. त्याला प्रल्हादने ढकलून बाहेर काढलं आणि चाकाने उडवलेला चिखल तोंडभर घेतला. मग गारा सुरू झाल्या. आधी वाटाण्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या. व्हॅनमध्ये बसून रस्ता अडवता येत नाही, कारण बसलेल्या माणसाला कुणी जुमानत नाही, हे त्याला दोन गाड्या बगलेतून निसटू पाहत होत्या तेव्हा कळलं. तो डोक्यावर डब्याचं झाकण धरून उभा राहिला. थालीपीठ भिजलं.

वादळवाले येतच होते. गाड्यांवर अँटेना, पिवळे दिवे, गारांनी फोडलेल्या काचा मिरवणारे. आत्तापर्यंत प्रल्हादने या गाड्या आतून पाहिल्या होत्या. बाहेरून त्या वरातीत नाचून लग्नघराचाच रस्ता अडवणाऱ्या मंडळींसारख्या दिसत होत्या. एकजण काच खाली करून म्हणाला, मी टीव्हीसाठी काम करतो. प्रल्हादने हात वर केला. दुसरा म्हणाला, मी संशोधक आहे. हात वर. तिसरा म्हणाला, शेरीफ माझे दोस्त आहेत.

"कोणते?" प्रल्हादने विचारलं. "जुने की नवे?"

तो गोंधळला. प्रल्हादने त्याला मागे वळवलं. इतका आनंद त्याला टॉर्नेडो बघूनही झाला नव्हता.

मग एका जुन्या ट्रकमधून एक म्हातारी आली. जाळीची टोपी, शेजारी कुत्रा.

"मी इथेच राहते. पुढच्या वळणावर, तारांच्या अलीकडे. लॉइड माझा भाचा आहे, पोरा."

"आईलासुद्धा सोडू नको म्हणालेत, मॅडम."

"त्याच्या आईला मीही सोडलं नसतं," म्हातारी म्हणाली आणि ट्रक कडेला लावून बसून राहिली. तिचं घर समोर दिसत होतं. कुत्रं त्याच्याकडे बघून भुंकत होतं. प्रल्हाद बधला नाही.

साडेपाचच्या सुमारास दक्षिणेला आभाळ खाली उतरलं. परत पाठवलेल्या लोकांचे आवाज त्याला व्हॅनमधल्या रेडिओवर ऐकू येऊ लागले. ज्यांना त्याने वळवलं होतं ते सगळे दक्षिणेच्या रस्त्याला लागले होते आणि त्यांच्यासमोर, उघड्या रानात, टॉर्नेडो उतरला होता. बायकामाणसं ओरडत होती, कुणी हसत होतं. प्रल्हादच्या आणि त्या दृश्याच्या मधे झाडांची रांग होती. झाडांपर्यंत चालत गेला असता तर दिसलं असतं. तो गेला नाही. हात वर करून उभा राहिला. त्याच्या आयुष्यातलं एवढं एक काम त्याने तोवर चोख केलं होतं, हे मान्य करायला हवं.

रेडिओवरचा दंगा ओसरला, तेव्हा कोठाराकडून चंदेरी मिनीव्हॅन आली.

"अरे प्रल्हाद!" सत्यजितने काच खाली केली. "हे काय, यार? तुला पोलिसात घेतलं की काय?"

"टेम्पररी," प्रल्हाद म्हणाला. "रस्ता बंद आहे, सत्यजितदादा."

"आमच्यासाठी?"

"सगळ्यांसाठी."

मागच्या सीटवर अरुणकाका. स्वेटर, कानटोपी, गळ्यात कॅमेरा. मे महिना होता, पण पुण्याचा माणूस परदेशात कानटोपीवाचून बाहेर पडत नाही.

"काय रे, झाला का तुझा तो टॉर्नेडो?"

"दक्षिणेला झाला काका, आत्ताच. मागे वळलात तर कदाचित..."

"आम्ही मागूनच आलो," सत्यजित म्हणाला. "दोन तास गाडी चालवली. तूच म्हणालास ना, कोठारावरून डावीकडे?"

"हो, पण पुढे तारा पडल्यात."

"तारांपर्यंत कुणाला जायचंय? ते समोर टेकाड दिसतंय ना, तिथवर जाऊ. वरून काहीतरी दिसेल. पाच मिनिटं. इथे दुसरं कोण बघतंय?"

"माझं लायसन डेप्युटीच्या खिशात आहे, दादा."

"अरे, तुझा रेझ्युमे पुढे करताना मी असा विचार केला असता तर?" सत्यजित हसत म्हणाला. हसत म्हणाला म्हणून बरं, नाहीतर ते धमकीसारखं वाटलं असतं.

प्रल्हाद तरीही हलला नाही. मग अरुणकाका बोलले.

"राहू दे रे सत्यजित. कशाला त्याला अडचणीत आणतोस? नियम म्हणजे नियम. मी काय, परवा निघालोच. आता या वयात पुन्हा येणं होतंय थोडंच? आमच्या नशिबात नव्हतं म्हणायचं. तू भिजलायस रे बाळा. हे घे, तुझ्या काकूंनी शंकरपाळे दिलेत बरोबर. खा."

आणि त्यांनी शंकरपाळ्यांची पिशवी खिडकीतून पुढे केली.

टीव्हीवाला, संशोधक, शेरीफचा दोस्त, खुद्द डेप्युटीची मावशी, इतक्यांना पुरून उरलेला प्रल्हाद या पिशवीपुढे आडवा झाला. दमदाटीला उत्तर देता येतं. वडीलधारा माणूस 'राहू दे' म्हणाला, की त्याला काय उत्तर द्यायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. त्यातून पाडव्याला दिलेला शब्द. त्यातून रेझ्युमे. त्यातून काकांची कानटोपी.

"टेकाडापर्यंतच हं," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

"अरे, चार!" सत्यजित म्हणाला.

प्रल्हादने व्हॅन मागे घेतली. एक गाडी जाईल इतकीच. मिनीव्हॅन आत गेली आणि त्याने फट परत बुजवली. उतरतो तो कडेच्या ट्रकचा हॉर्न वाजला. म्हातारी खिडकीतून बघत होती.

"हे कोण?"

"ते... आमचे आहेत."

"तुझे नातेवाईक?"

"नातेवाईक नाहीत. आमच्याकडचे."

"आणि मी?"

प्रल्हादने शंकरपाळ्यांची पिशवी मागे लपवली. "मॅडम, रस्ता बंद आहे," तो म्हणाला.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. मिनीव्हॅन परत येईना. तेवढ्यात वीजवाल्यांचे दोन ट्रक आले, त्यांना त्याने सोडलं. पाऊस थांबला. पश्चिमेला ऊन पडलं, गव्हावर पिवळं, आणि त्या उन्हात प्रल्हाद एकेक शंकरपाळा तोंडात टाकत टेकाडाकडे बघत राहिला. आत गेलेल्या सत्यजितला फोन केला. फोन लागला नाही; टॉवरही पडला असावा. आता लॉइडच्या आधी ते परत येऊ देत, एवढंच तो गणपतीजवळ मागत होता. गणपतीशेजारची जागा रिकामी होती, कार्ड लॉइडकडेच राहिलं होतं.

सात वाजता लॉइडची गाडी आली. तिच्यामागे, दोरीने ओढत आणलेली, चाकांच्या वरपर्यंत चिखलात माखलेली चंदेरी मिनीव्हॅन. सत्यजित स्टिअरिंगमागे मान खाली घालून बसलेला. अरुणकाकांचा चेहरा मात्र सत्कार झाल्यासारखा. त्यांनी लांबूनच काच खाली केली.

"प्रल्हाद! काळजी करू नकोस. तुझ्याबद्दल साहेबांना मी चांगलं सांगितलंय!"

प्रल्हादच्या तोंडातला शंकरपाळा तिथेच थांबला.

"टेकाडावर काही दिसेना," काका सांगू लागले. "म्हणून सत्यजितने कच्च्या रस्त्याला गाडी घातली. रुतलो. हे साहेब आले, बिचाऱ्यांनी ओढून काढलं. तुम्हाला आत कुणी सोडलं, म्हणून विचारलं. मी इंग्लिशमध्ये सांगितलं, अवर प्रल्हाद. व्हेरी गुड बॉय. ही स्टॉप्ड एव्हरीबडी, ओन्ली अस ही अलाउड. म्हटलं, पोराचं नाव व्हायला पाहिजे."

अशी शिफारस कोणत्याही कार्डाने केली नसती.

लॉइड उतरला. आधी तो ट्रककडे गेला, म्हातारीशी दोन वाक्यं बोलला. मग प्रल्हादकडे आला.

"माझ्या मावशीला तुम्ही गारांत बसवून ठेवलं. तिचं घर समोर असताना."

"सॉरी, सर."

"सॉरी कशाला? ते मला आवडलं. मी आईचं नाव घेतलं होतं, तुम्ही मावशीलाही अडवलं. म्हटलं, या माणसाला काम कळतं." त्याने हाताचा चिखल पँटला पुसला. "तो म्हातारा छपराखालून जिवंत निघाला. अँब्युलन्स तारा टाळून कच्च्या रस्त्याने त्याला नेत होती, आणि यांची गाडी त्याच अरुंद रस्त्यात आडवी रुतलेली. मी आणि ड्रायव्हरने मिळून ती हलवली. पंधरा मिनिटं गेली. म्हातारा दवाखान्यात पोचला, ठीक आहे. पण पंधरा मिनिटं."

प्रल्हादने शंकरपाळ्यांची पिशवी पँटच्या खिशात कोंबली.

"यांना का सोडलं?"

याचं उत्तर प्रल्हादला मराठीत येत होतं. इंग्लिशमध्ये त्याने दोनदा सुरुवात केली. "ही इज एल्डर," तो म्हणाला. मग, "आय हॅड गिव्हन माय वर्ड."

"मलाही दिला होता," लॉइड म्हणाला. त्याने पुस्तक काढलं आणि बॉनेटवर ठेवून वेग लिहिला. त्याला तो नीट आठवत होता. पावती, लायसन आणि प्लास्टिकमधलं कार्ड, तिन्ही त्याने प्रल्हादच्या हातात ठेवली. "जॅकेट द्या, सर."

प्रल्हादने जॅकेट उतरवून दिलं.

सत्यजितला काही झालं नाही. रस्त्यावर उभ्या माणसाने सोडलं, त्यात त्याचा दोष काय? निघताना तो म्हणाला, "यार प्रल्हाद, फार वाईट वाटलं. लायसनचं काही झालं तर मी आहे ना. रोज लिफ्ट देईन." काका म्हणाले, "माझा शब्द कमी पडला वाटतं. जरा मोठा हुद्देवाला हवा होता."

घरी नीलांबरीने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही, हे वाईट लक्षण.

"एकूण कितीजणांना परत पाठवलंत?"

"मोजले नाहीत. खूप."

"आणि ज्यांना नाही म्हणायचं होतं, त्यांनाच हो म्हणालात."

"काका म्हणाले, राहू दे..."

"मग राहू द्यायचं होतं ना!" नीलांबरी म्हणाली. "म्हणाले ते ऐकायचं होतं!"

तिसऱ्या दिवशी तिने शिकाऊ परवान्याचं पुस्तक आणलं आणि पाठ करायला बसली. पण परीक्षेची तारीख लांबची होती.

जूनच्या मध्याला लायसन निलंबित झालं. सत्यजितने एक आठवडा लिफ्ट दिली. दुसऱ्या आठवड्यात त्याला सकाळच्या मीटिंगा लागल्या. प्रल्हादने ओळखीच्या तीन घरांना विचारलं. सगळ्यांनी 'अवश्य' म्हटलं आणि सगळ्यांचे रस्ते वेगळे निघाले. व्हिसा ऑफिसवर होता आणि ऑफिस अकरा मैलांवर. गराजमध्ये आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेली सायकल होती. प्रल्हादने तिची चेन स्वतः बसवली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

पहिल्या दिवशी त्याला दीड तास लागला आणि दक्षिणेचा वारा तोंडावर. ट्रक शेजारून गेले की सायकल गवतात जायची. निम्म्या वाटेत मागे निळे दिवे लागले. प्रल्हाद थांबला, एक पाय जमिनीवर टेकून. गस्तीवरचा पोलीस तरुण होता. कामाला सायकलने जाणारा माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

"सर, काही मदत हवी का? गाडी बंद पडली?"

प्रल्हादचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिशात रुमाल होता.

"गाडी चालू आहे," तो म्हणाला. "लायसन निलंबित आहे."

पोलिसाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घामाने निथळणारा शर्ट, पँटच्या पायाला बांधलेलं रबर.

"किती लांब जायचंय?"

"अजून सहा मैल."

"पांढऱ्या रेषेच्या उजवीकडून चालवा," पोलीस म्हणाला. "आणि पाणी प्या."

तो निघून गेला. प्रल्हाद पाणी प्यायला, पांढऱ्या रेषेच्या उजवीकडे गेला आणि पायडल मारू लागला. ऑफिसात तो अर्धा तास उशिरा पोचला. दुसऱ्या दिवशी पाऊण तास लवकर निघाला.